कॅसलरॉकची लाल बत्ती

जून लागला आहे, पहिला पाऊस पडून गेला आहे आणि तुम्ही जोयडा तालुक्यात आहात. गणेशगुडीहून आत वळून, निम्मा रस्ता चिखलातून काढत एका कुणबी वाडीत मुक्कामाला पोचलात. भात आणि सुक्या बांगड्याची आमटी पुढ्यात आहे. दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत वीज जाते. इथून जवळच काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुप्याचं धरण उभं आहे. जुनं सुपे गाव त्याच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. एवढी वीज पिकवणाऱ्या तालुक्यात तारेवर एक फांदी पडली की सगळा कारभार ठप्प. घरातली आजी उठायची तसदीही घेत नाही. "बस रे बाळा, सकाळपर्यंत काय येत नाही ती."

बसा. मोबाइल पालथा घाला. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि पुण्यामुंबईत हा अर्धा तास सलग मिळत नाही. इथे मिळतो. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अगदी क्षीण उजेडाच्या झलका टाकून पाहिल्या. झलक दिसायला दृष्टिपटलात अवघे ५ ते १४ फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले गेले तरी पुरतात असा त्यांचा हिशेब निघाला. एरवी आकडेमोडीत अब्जांनी सांडणारी ही चीज तुमच्या डोळ्याच्या मागे बोटांवर मोजण्याइतकी येते आणि तुम्ही "काहीतरी चमकलं" म्हणता. अंगणापलीकडच्या झाडावर काजवे पेटू लागले आहेत. त्यांच्या पोटातला एक रेणू एका वेळी फार तर एक फोटॉन देतो. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये काळजीपूर्वक मोजलं तेव्हा शंभरातले ४१ रेणूच उजेड देतात असं दिसलं. बाकीचे वायाच जातात.

घरातला शाळकरी मुलगा भिंतीवरचे 'रेडियमचे' तारे दाखवायला तुम्हाला आत नेतो. त्यात रेडियम औषधालासुद्धा नसतं, पण नाव टिकलं आहे. वीज जाऊन बराच वेळ झाल्यामुळे तारे विझत आले आहेत. मुलाकडे सायकलच्या मागचा लाल एलईडी दिवा आहे, तुमच्या पिशवीत नोटा तपासायचा छोटा जांभळा टॉर्च आहे. एवढ्या सामानावर आज रात्रीचं काम भागतं.

आधी लाल. सायकलचा दिवा एका ताऱ्यावर टेकवा. खोली लालभडक होते, भांडी दिसतात, आजी वैतागते. मिनिटभर धरा, पाच मिनिटं धरा, हवं तर दुसरा लाल दिवाही जोडीला घ्या. विझवा. तारा होता तसाच मलूल आहे. आता जांभळा टॉर्च घ्या. त्याचा उजेड डोळ्यांना जेमतेम जाणवतो, खोलीतलं काही धड दिसत नाही. तो ताऱ्यावरून एकदा फिरवा, श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तारा हिरवा पेटतो. टॉर्चचं टोक पेनासारखं धरून मुलानं मोठ्या ताऱ्यावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि ते अक्षर मागे राहिलं.

आता नीट विचार करा, कारण सगळी गंमत इथेच आहे. प्रकाश ही नुसती लाट असती तर लाल दिव्याला वेळ देऊन काम व्हायला हवं होतं. लाटा थोडी थोडी ऊर्जा आणत राहिल्या असत्या, ती साठली असती, पाच मिनिटांत नाही तर पन्नासमध्ये तारा पेटला असता. तसं होत नाही. उंच फळीवरचा डबा काढायला उंच माणूस लागतो, बुटक्यांची जत्रा भरवून तो खाली येत नाही. लाल उजेडाचा एकेक फोटॉन सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, जांभळ्याचा ३ च्या वर. ताऱ्यातल्या अणूला हलवायला जो धक्का लागतो तो एकाच फोटॉननं एकट्यानं द्यायचा असतो. झगझगाट वाढवला की फोटॉनांची संख्या वाढते, रंग बदलला की एकेकाची ताकद. हे दोन हिशेब वेगळे आहेत, आणि ते वेगळे आहेत हे माणसाच्या लक्षात यायला १९०५ साल उजाडलं. त्या वर्षी बर्नच्या पेटंट कचेरीतल्या आइन्स्टाईननं प्रकाशकणांवर जो लेख लिहिला, त्यातून धातूवर प्रकाश पडून इलेक्ट्रॉन सुटण्याची गोष्ट तेवढी पाठ्यपुस्तकांनी उचलली. त्याच लेखात ताऱ्यांचीही गोष्ट आहे: चमकणारा पदार्थ नेहमी घेतो त्याहून कमी ताकदीचा रंग परत देतो, हा स्टोक्सचा जुना नियम प्रकाश कणांचा मानला की आपोआप सुटतो. जांभळा घ्या, हिरवा द्या. लाल घेऊन हिरवा देणं परवडत नाही.

मुलाला तारा परत पेटवायचा आहे. टॉर्च त्याच्याकडे राहू द्या आणि तुम्ही मागे चला, सव्वाशे वर्षं.

१४ डिसेंबर १९००. तालुका हाच, पण जिल्हा उत्तर कानडा आणि इलाखा मुंबई. तुम्ही कॅसलरॉकच्या फलाटावर कानटोपी ओढून उभे आहात. इथे ब्रिटिश हिंदुस्थान संपतो. पुढे पोर्तुगीजांचा गोवा, घाट उतरून दूधसागरवरून गाडी कुळ्याला जाते. मीटरगेजचा हा रूळ पडून पुरती पंधरा वर्षंही झालेली नाहीत. सामानाची झडती इथे होते, म्हणून गाडी खोळंबते. धुकं एवढं पडलं आहे की गॅसबत्तीची सवय असलेल्या माणसाला फलाटाचं दुसरं टोक दिसू नये. तुमच्या हाती एक लाकडी कॅमेरा आणि न उघडलेला काचेच्या ड्राय प्लेटांचा खोका आहे. पहाटे दूधसागरचा फोटो घ्यायचा, तर प्लेटा आत्ताच होल्डरमध्ये भरल्या पाहिजेत. त्यासाठी अंधार हवा, आणि हात दिसण्यापुरता उजेडही हवा.

फलाटावरचा गोवेकर हमाल तुमची अडचण ओळखतो. "बत्ती जाय, पात्रांव?" म्हणत तो गार्डाची हातबत्ती आणतो. घासलेटाची ही बत्ती हातात घेऊन बघा. बाहेरचं खोकं पत्र्याचं, आत वात, आणि मूठ फिरवली की भिंगापुढे एकामागून एक काच येते: पांढरी, लाल, हिरवी. हिरवी म्हणतात ती काच दिवसा पाहिली तर चक्क निळसर असते. घासलेटाची ज्योत पिवळी असल्यानं निळसर काचेतून ती बाहेर हिरवी दिसते. रेल्वेवाल्यांनी हे अनुभवानं शोधलं, आज आपल्या कामाला येतं.

मालाच्या कोठीत शिरा, दार लावून घ्या. बत्ती लाल काचेवर फिरवा. खोका फोडा, काळा कागद उलगडा. पहिली प्लेट बोटांच्या टोकांनी कडेला धरा. मळकट पांढरा लेप, थोडा जिलेटिनचा वास. लाल उजेड तिच्यावर सरळ पडतो आहे, तरी घाबरू नका. एकेक करून सहाच्या सहा प्लेटा होल्डरमध्ये सावकाश भरा. पोर्टर दारावर टकटक करतो, गाडी सुटायला अजून अर्धा तास आहे म्हणतो. खोक्यातल्या उरलेल्या प्लेटांपैकी एक मुद्दाम वाया घालवा. तिच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा ठेवा आणि बत्तीची मूठ फिरवून हिरवी काच पुढे आणा. दहा अंक मोजा. डोळ्यांना हा उजेड लालपेक्षा फार जास्त वाटत नाही. परत लाल करा, प्लेट डेव्हलपरच्या वाडग्यात सोडा, वाडगं हलवत राहा. उघडा असलेला अर्धा भाग तुमच्या डोळ्यांदेखत करडा होतो, मग काळा. पुठ्ठ्याखालचा अर्धा भाग लाल उजेडात इतका वेळ राहूनही पांढराच.

कारण ताऱ्याचं तेच. प्लेटवरच्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या दाण्यात इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. निळा फोटॉन तेवढं घेऊन येतो, लाल येत नाही. साध्या प्लेटच्या काळात फोटोवाल्यांच्या खोलीत लाल दिवा असे तो यामुळे. बेळगावच्या, कारवारच्या, मिरजेच्या स्टुडिओत पुढे कित्येक दशकं कागद धुताना तो होता, आणि तुमच्यापैकी कुणी लहानपणी त्या खोलीत डोकावून दटावणी खाल्लीही असेल. मला विचाराल तर पुंजभौतिकीचा याहून सोपा प्रयोग सापडणार नाही, आणि तो फोटोग्राफरांनी भौतिकीच्या आधी रोज केला.

कॅसलरॉकला तुमचं वाडगं हलत होतं त्याच दिवशी, १४ डिसेंबर १९०० ला, बर्लिनमध्ये जर्मन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत माक्स प्लांक उभा राहिला. तापलेल्या वस्तूच्या उजेडात कोणता रंग किती असतो याचं त्याचं सूत्र मोजमापाशी जुळत होतं, पण ते सिद्ध करताना ऊर्जा सुट्या हप्त्यांत मोजावी लागत होती. हप्ता किती, तर रंगाच्या वारंवारितेला एका फार बारीक आकड्यानं गुणा. तो आकडा म्हणजे प्लांकचा स्थिरांक. त्या संध्याकाळी प्लांकला स्वतःलाही प्रकाश दाणेदार आहे असं म्हणायचं नव्हतं. लाल काचेची आणि त्या आकड्याची गाठ पडायला अजून पाच वर्षं होती.

घाटात गाडी उतरू द्या. तुम्ही १९०९ मध्ये लंडनला चला. ही भेट थोडक्यात उरकू, कारण इथे घडतं फार थोडं आणि लागतो वेळ.

जेफ्री टेलर हा तेवीस वर्षांचा केंब्रिजचा विद्यार्थी. आईवडिलांच्या घरातली जुनी मुलांच्या खेळण्याची खोली त्यानं प्रयोगाला घेतली आहे. एका टोकाला गॅसची बारीक ज्योत, पुढे फट, मग एक शिवणाची सुई आणि पेटीच्या टोकाला फोटोची प्लेट. सुईच्या सावलीच्या कडेला लाटांमुळे काळ्यापांढऱ्या रेघा उमटतात, हे तेव्हाही जुनंच होतं. टेलरनं ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा लावून उजेड कमी करत नेला. शेवटच्या खेपेला इतका कमी की प्लेट काळी व्हायला सुमारे २००० तास, म्हणजे जवळपास तीन महिने लागले. त्याच्या हिशेबानं तो उजेड मैलभर दूर जळणाऱ्या मेणबत्तीएवढा होता. पेटी एकटी सोडून तो शिडाच्या होडीतून समुद्रावर गेला अशी गोष्ट त्यानंच पुढे सांगितली. तुम्ही मात्र त्या खोलीत तिष्ठत बसू नका, प्लेट धुतली जाते त्या दिवशी या. रेघा जशाच्या तशा. उजेड इतका विरळ की पेटीत एका वेळी जेमतेम एखादा फोटॉन असणार, तरी एकट्यादुकट्यानं येऊन त्यांनी लाटेची नक्षी पुरी केली.

इथे एक कबुली द्यायला हवी, ती पाठ्यपुस्तकं देत नाहीत. लाल काच काय, टेलरची सुई काय, काटेकोर वकिलापुढे हे पुरावे टिकत नाहीत. अणू हप्त्यानं घेतात म्हणून प्रकाशही हप्त्याचाच असला पाहिजे असं कुठे आहे, असं तो वकील म्हणेल, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी लॅम्ब आणि स्कली या दोघांनी नेमकं हेच गणितानं दाखवलं. उत्तर द्यायला एक फोटॉन दोन वाटांच्या नाक्यावर सोडून तो दोन्हीकडे एकदम सापडत नाही हे दाखवावं लागलं. १९७७ मध्ये किंबल, डागेने आणि मँडेल यांनी त्याच्या जवळचं काही दाखवलं, १९८६ मध्ये पॅरिसजवळ ओर्सेला ग्रांजिए, रोजे आणि अस्पे यांनी खटला निकालात काढला. जोयड्यात हे शेवटचं काम करता येणार नाही. बाकीचं सगळं येतं.

आता घरी येऊ. १९१२, दादर.

धुंडिराज गोविंद फाळके एप्रिलमध्ये लंडनहून परतले आहेत. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागाहून बोटीनं आलं आहे. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली येते, ती भोकं घरी अंधारात पाडावी लागतात. ते काम सरस्वतीबाई फाळके करतात. फिल्म धुण्याची रसायनंही त्याच हाताळतात. पाहुण्यांचा राबता, मुलं, स्वयंपाक आणि त्यात हे. तुम्ही त्या अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात उभे आहात. बोलू नका, कामात खंड पडेल. यंत्राचा टकटक आवाज, बाईंच्या बोटांतून सरकणारी सेल्युलॉइडची पट्टी, एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत. अशा खोलीत त्या काळी उजेड असेलच तर लाल. फिल्मला लाल दिसत नाही, माणसाला दिसतो, एवढ्या फटीत अख्ख्या चित्रपटसृष्टीचा जन्म होतो आहे.

फिल्मला लाल दिसत नाही याचा हिशेब पडद्यावरही चुकता होतो. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या उपाहारगृहातल्या आचाऱ्यानं केलं. अशा फिल्मवर लाल लुगडं काळं उमटतं, ओठ काळे, कपाळाला कुंकू लावलं तर तेही काळं. निळं आभाळ मात्र पांढरंफटक. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षकांना त्यात काही खटकलं नसावं. हलतंय हेच खूप होतं. जुन्या मूकपटांतलं पांढरं आभाळ आणि काळे ओठ पाहून आपण "जुनं तंत्र" म्हणतो. खरं तर ती लाल फोटॉनांची गैरहजेरी आहे.

याच १९१२ च्या जानेवारीत आइन्स्टाईन प्रागमध्ये प्रकाशाच्या रासायनिक कामावर एक लेख संपवत होता: जितके फोटॉन शोषले जातात तितक्याच रेणूंवर पहिली क्रिया होते, एकास एक. दादरच्या खोलीत ना प्रागची बातमी होती, ना तिची गरज. पण फाळक्यांवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट निघतो, पुस्तकं निघतात, आणि शाळेत मात्र फोटॉनची गोष्ट जर्मनीतच घडली असं शिकवतात. हे मला पटत नाही. सरस्वतीबाईंचा लाल उजेड अकरावीच्या पुस्तकात एका ओळीला तरी हवा होता.

अजून एक मुक्काम, मग परत. १९२८, फेब्रुवारी, कलकत्ता, २१० बहूबाजार स्ट्रीट. चंद्रशेखर वेंकट रामन आणि कृष्णन यांच्या खोलीत झरोक्यातून ऊन घेतलं आहे. उन्हापुढे जांभळी काच, मग शुद्ध द्रवानं भरलेला काचेचा फुगा, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे हिरवी काच. या दोन काचा अशा निवडल्या आहेत की एकीतून जे जातं ते दुसरी अडवते. दोन्ही नुसत्या एकावर एक धरून उन्हाकडे बघा: काळोख. आता मधे द्रव ठेवा आणि हिरव्या काचेतून फुग्याकडे बघा. फुग्याच्या आत उजेडाचा एक पुसट पट्टा दिसतो. जांभळी काच हिरवा येऊ देत नाही, हिरवी काच जांभळा जाऊ देत नाही, मग हा आला कुठून? द्रवातच तयार झाला. कोटीभर फोटॉनांतला एखादा रेणूला ऊर्जेचा थोडा वाटा देऊन पुढे जातो, आणि वाटा दिल्यावर तो कमी चमकदार होत नाही, त्याचा रंग बदलतो. फोटॉन अर्धा होऊन तोच रंग ठेवू शकत नाही. २८ तारखेला पाऱ्याच्या दिव्याची ठळक रेषा वापरून हे पक्कं झालं. बेंझिनमध्ये ४३५.८ नॅनोमीटरच्या रेषेशेजारी ४५५ च्या आसपास नवी रेष पडते, आणि या दोघींतलं अंतर बेंझिनच्या रेणूची खूण सांगतं. हेच १९३० चं नोबेल. डोळा, ऊन, दोन काचा. प्रयोग सोपा होता. काय बघायचं ते आधी कळणं सोपं नव्हतं.

आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळतो तो याचा. मग तुमचा परतीचा मुक्काम तोच असू द्या: आजचं साल, २८ फेब्रुवारी, रामनगरच्या एखाद्या शाळेतला दुपारचा वर्ग. दर वर्षीप्रमाणे थर्माकोलचा ज्वालामुखी आणि भाषण ठरलेलं आहे. हेडसरांकडून पाऊण तास मागून घ्या, खिडक्यांना गोणपाट लावा.

पहिला प्रयोग दहा सेलांचा. निळा एलईडी घ्या आणि एका पेन्सिल सेलला लावा. लागत नाही. मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, "सर, सेल वाढवा." तिचं ऐका. दहाही सेल शेजारी शेजारी, धन टोकांना धन आणि ऋण टोकांना ऋण, असे समांतर जोडा. दहापट वीज देण्याची तयारी, आणि एलईडी ढिम्म. आता आठ सेल बाजूला काढा आणि उरलेले दोन डोक्याला पाय असे ओळीत लावा. निळा पेटतो. साठा वाढवून झालं नाही, उंची वाढवून झालं. एलईडीत इलेक्ट्रॉन एक पायरी उतरतो आणि एक फोटॉन बाहेर टाकतो. निळ्याची पायरी दीड व्होल्टच्या वर आहे म्हणून एक सेल, मग तो नऊ भावंडांसह का असेना, तिथवर पोचवत नाही.

दुसरा प्रयोग पहिल्याच्या उलट. हिरव्या एलईडीचे पाय मल्टिमीटरला जोडा आणि त्याच्यावर सायकलचा लाल दिवा धरा. काटा किंवा आकडा जागचा हलत नाही. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च धरला की व्होल्टेज उसळतं. एलईडी बदलून लाल घ्या, जांभळा त्यालाही चालतो. वर्गातल्या मुलांना हे स्वतः करू द्या. दहा वेळा केलं तरी दहा वेळा तसंच होतं, आणि हे प्रत्येकानं आपल्या हातानं बघणं तुमच्या कुठल्याही भाषणापेक्षा बरं.

तिसरा केसाचा. एक केस पुठ्ठ्याच्या भोकावर ताणून चिकटवा, लाल लेझर पॉइंटर त्याच्यावर मारा, तीन मीटरवरच्या भिंतीकडे बघा. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची माळ उमटते. केस ७० मायक्रॉनचा असेल तर मधल्यापासून पहिली काळी जागा जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटरवर येते. त्यावरून उलट हिशेब करून वर्गात कुणाचा केस जाड ते काढता येतं आणि ही स्पर्धा भाषणापेक्षा जास्त रंगते. ही टेलरचीच सुई. फरक एवढाच की तुमच्या एक मिलिवॅटच्या पॉइंटरमधून सेकंदाला सुमारे ३००००००००००००००० फोटॉन निघतात, शून्यं मोजू नका, तीनावर पंधरा आहेत. तीन मीटरच्या वाटेवर एका वेळी एकच राहावा म्हणून उजेड तीन कोटी पटीनं कमी करावा लागेल. तेवढी काजळी आपल्याकडे नाही, तर टेलरचं म्हणणं मान्य करून पुढे जा.

चौथा प्रयोग हा मोजमापाचा, आणि ज्या मुलांना गणित आवडतं त्यांच्यासाठी राखून ठेवा. नऊ व्होल्टची बॅटरी, वीज कमीजास्त करायचं पोटेन्शिओमीटरचं बटण, ३३० ओहमचा रेझिस्टर, लाल, हिरवा, निळा एलईडी. हे बेळगावला किंवा हुबळीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. एलईडीला काळ्या कागदाची नळी घाला, तिच्यातून डोकावत बटण हळूहळू वाढवा आणि उजेड पहिल्यांदा दिसतो त्या क्षणी एलईडीच्या पायांवरचं व्होल्टेज लिहून घ्या. ६३० नॅनोमीटरचा लाल १.८ व्होल्टच्या आसपास दिसू लागतो, ४७० चा निळा २.६ च्या आसपास. व्होल्टेजला इलेक्ट्रॉनच्या भारानं गुणा, रंगाच्या तरंगलांबीनं गुणा, प्रकाशाच्या वेगानं भागा. लालवरून ६.१, निळ्यावरून ६.५ येतो, दोन्हीपुढे दहाचा उणे चौतिसावा घात. प्लांकचा स्थिरांक ६.६२६ आहे, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमसुद्धा त्याच्यावरून ठरतो. तुमचा आकडा थोडा कमी येणार, कारण खोलीतली उष्णता इलेक्ट्रॉनला शेवटचा हात देते आणि एलईडी अंमळ लवकर दिसू लागतो. मुलांना हे सांगा, आकडा मात्र बदलू देऊ नका.

दोन गोष्टी निघण्यापूर्वी. लेझर आणि जांभळा टॉर्च कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये, गमतीतही नाही. पॉइंटर बाकाला चिकटपट्टीनं बांधून टाका आणि मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करा. आणि एलईडी रेझिस्टरशिवाय नऊ व्होल्टला लावू नका, क्षणात जळतो. मोजणी दोनतीनदा करून पाहा. आकडा साडेपाच ते सातच्या मधे आला तर हात बरोबर बसला. त्याच्या फार बाहेर गेला तर प्लांकवर शंका घेण्याआधी मल्टिमीटरची बॅटरी तपासा.